सतारीचे पडदे झिजलेत – घासून घ्यावे की सगळे बदलून टाकावे?

सतारवाली_रामबाग
नमस्कार मंडळी, इंदूरहून लिहितेय. आत्याची मिरजेची सतार माझ्याकडे आलीय. वीस पडदे (स्वरासाठी तार ज्यावर दाबतात त्या पट्ट्या), पितळेचे, वरून निकेलचा मुलामा. आत्या रोज वाजवायची त्यामुळे बाजाच्या, म्हणजे मुख्य वाजवायच्या तारेखालचा मुलामा केव्हाच उडालाय, खालचं पिवळं पितळ दिसतं, आणि मधल्या सा-रे-गच्या पडद्यांवर नख अडकेल एवढ्या खाचा आहेत. सरळ स्वर ठीक लागतात पण मींड घ्यायला, म्हणजे तार आडवी ओढून वरच्या स्वरावर जायला गेलं की तार खाचेच्या काठाशी अडते आणि मग टक् करून सुटते. शिवाय पंचमाच्या पडद्यावर झण्ण असा आवाज येतो तो वेगळाच.

इथल्या एका दुरुस्तीवाल्यांना दाखवली. त्यांनी दोन मिनिटं बघितली आणि म्हणाले सगळे काढून स्टीलचे टाका, आयुष्यभराची कटकट मिटेल. मला ते काही पटलं नाही. पडदा झिजणारच, थोडा घासून गुळगुळीत केला की अजून बरीच वर्षं जातील असं मला वाटतं, आणि पितळेचा आवाज गोड असतो तो घालवायचा कशाला. पण घासायचा तर किती, कशाने, घरी जमतं का? ज्यांनी केलंय त्यांनी सांगा. गिटारवाल्यांनी पण सांगा, तुमच्याकडे या कामाची वेगळी हत्यारं वगैरे असतात ना.

शेव_परमल
सा-रे-ग झिजलेत म्हणजे आत्या यमन वाजवत असणार, पैज. आमच्या गल्लीत एक काका आहेत, रोज संध्याकाळी यमन, आता गल्लीतली कुत्री पण नि रे ग म्हणतात.

सतारवाली_रामबाग
यमनच हो!! आणि सकाळी भैरव. हाहा.

फ्रेटबोर्ड_फकीर
गिटारवाला हजर. आमच्याकडे पण हेच दुखणं, फक्त जागा वेगळी. नवीन पोरं पहिल्या तीन-चार फ्रेट्सवरच C, G, D कॉर्ड धरून बसतात त्यामुळे तिथे वरच्या बारीक तारांखाली खड्डे पडतात, आणि जो कापो (तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) लावतो त्याचे अजून लवकर. सोलो वाजवणाऱ्यांचे वरचे फ्रेट झिजतात, पण तिथे खड्डा नसतो, सपाट पट्टा पडतो, कारण बेंड करताना तार आडवी घासत जाते. तुमची मींड म्हणजे आमचं बेंडच, फक्त दहापट जास्त.

आमची पद्धत अशी. आधी मान सरळ करून घ्यायची, मग सगळ्या फ्रेट्सच्या डोक्यावर मार्करने रेघ मारायची आणि लांब सरळ पट्टीला पॉलिश पेपर चिकटवून सगळे एकदम घासायचे. रेघ सगळीकडून पुसली गेली म्हणजे सगळे एका पातळीला आले. मग घासून चपटं झालेलं डोकं खास गोल पोटाच्या कानशीने परत गोल करायचं, कारण चपट्या फ्रेटवर तार पुढच्या कडेवरून सुटते आणि स्वर जरासा चढा लागतो. शेवटी बारीक पेपर, मग चकचकीत पॉलिश. नवीन फ्रेट जेमतेम एक-सव्वा मिलिमीटर उंच असतो, त्यामुळे हे काम दोन-तीनदा झालं की वायर उपटून नवीन ठोकणे हाच इलाज.

वायर बहुतेक जर्मन सिल्व्हरची असते, नावालाच सिल्व्हर, आत तांबं, निकेल आणि जस्त. आता लोक स्टेनलेस घेतात, खूप टिकतं. माझ्या इलेक्ट्रिकला स्टेनलेसच आहे, बेंड लोण्यासारखं जातं. तुमचे दुरुस्तीवाले अगदीच चुकीचं नाही बोलले.

खरजपंचम
फकीरसाहेब, गिटारला हे सगळं बरोबर आहे, पण सतारवालीताई, कृपा करून ती लांब सरळ पट्टी सतारीवर ठेवू नका. मी एका ठिकाणी असं केलेलं पाहिलंय, चांगली सतार होती, वरचे पडदे एवढे खाली आले की तार सप्तकात गाडीच अडकली.

गिटारचे फ्रेट एका पाटीवर ठोकलेले असतात आणि तार त्यांच्यापासून जराशीच वर असते. सतारीचा पडदा म्हणजे दांडीवर बांधलेली कमान. प्रत्येक कमान आपापल्या जागी आपापल्या उंचीची बसवलेली, खालून तरफेच्या, म्हणजे आपोआप झंकारणाऱ्या तारा जातात. त्यामुळे एकेक पडदाच बघायचा.

दुसरं, ते स्वर चढा लागण्याचं दुखणं सतारीला नाहीच म्हणा. पडदा झिजून स्वर हलला तर तो दोऱ्यासकट केसभर सरकवायचा, झालं. गिटारवाल्याला हे सुख नाही. सतारीचं खरं दुखणं दोनच. एक, खाचेचा काठ मींडीत तारेला धरतो. दोन, एक पडदा झिजून खाली गेला की पुढचा, म्हणजे घोडीच्या (तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीच्या) बाजूचा, त्याच्या मानाने उंच होतो आणि तार त्याच्यावर आपटते. ताईंचा पंचमातला झण्ण दुसऱ्या प्रकारातला असू शकतो. म्हणून एकच पडदा खोल घासू नका, त्याच्या पुढचेही बघावे लागतात.

मात्र आधी जवारी, म्हणजे घोडीचा झणकार देणारा माथा, तपासा. झण्ण सगळ्या पडद्यांवर आणि मोकळ्या तारेवरही येत असेल तर दोष घोडीचा, पडद्याचा नाही. तारेनं घोडीवर पण खाच पाडलेली असते. नुसत्या एकाच पडद्यावर येत असेल तरच पडदा. निम्मे लोक जवारीचं काम असताना पडदे बदलून बसतात.

कच्चालिंबू
आमच्या घरी उलटं झालं, पडदे बदलायला दिले तर दुकानदाराने खिडकीचे का दाराचे असं विचारलं.

सतारवाली_रामबाग
खरजपंचम काका, मोकळी तार स्वच्छ वाजते. झण्ण फक्त पंचमावर.

धातुशास्त्री
पितळ एवढं का झिजतं ते सांगतो, पिथमपूरला धातूंमध्येच आयुष्य गेलं. सतारीची बाजाची तार, ती तीन नंबरची, साधारण ०.३ मिमीची, ही कडक ओढलेली पोलादी तार असते. तिच्यापुढे पितळ म्हणजे फारच मऊ. ढोबळ मानाने पितळ, जर्मन सिल्व्हर, स्टेनलेस असा कडकपणा चढत जातो, पण तार त्या सगळ्यांपेक्षा कडक. म्हणून झिजायचं ते पडद्यानेच.

आता मींडीचा हिशेब बघा. तारेचा स्वर ताणाच्या वर्गमुळाप्रमाणे चढतो. म्हणजे सा च्या पडद्यावर तार ओढून पंचम काढला तर कंपनं दीडपट, आणि ताण दीडचा वर्ग, सव्वादोनपट! मध्यमापर्यंत ओढली तरी ताण पावणेदोनपटीच्या वर जातो. एवढ्या ताणाची पोलादी तार पितळावर दाबून आडवी ओढायची, परत सोडायची, आणि हे रोज. गिटारवाला स्वर-दोन स्वर ओढतो, तुम्ही चार-पाच ओढता. फकीर म्हणतो ते दहापट त्याने अंदाजाने लिहिलं असेल पण दिशा बरोबर आहे.

अजून एक गोष्ट, गंज. पावसाळ्यात इंदूरला तारेवर बारीक तांबूस ठिपके येतात, ते दिसतही नाहीत पण हाताला खरखर लागते. गंजलेली तार म्हणजे कानस आहे. पडदे वाचवायचे असतील तर तार वेळेवर बदला, पडद्यापेक्षा तार कितीतरी स्वस्त.

वाजवीन_म्हणते
म्हणजे बोटांना लावायचं तेल लावू नये का? आमच्या गुरुजींकडे छोट्या वाटीत कापूस आणि खोबरेल तेल असतं, सगळे त्यातच बोट बुडवतात.

धातुशास्त्री
> तेल लावू नये का

लावा की, बोटं कापली जातील नाहीतर. पण वाजवून झाल्यावर बोट काळं होतं ना, ते काळं म्हणजे पडद्याची आणि तारेची झिजलेली भुकटी तेलात कालवलेली. ती तशीच पडद्यावर राहिली तर दुसऱ्या दिवशी तुम्ही तिच्यावरूनच तार ओढता. त्यामुळे उठताना कोरड्या मऊ फडक्याने तार आणि पडदे पुसायचे. एवढ्या एका सवयीने बराच फरक पडतो.

लष्करवाला
ग्वाल्हेरहून राम राम. तुम्ही सगळे पडद्यांवरून भांडताय म्हणून सांगतो, आमच्याकडे सरोद आहे, पडदाच नाही. पोलादाचा सपाट पत्रा, त्यावर नखाने तार दाबून घसरत जायचं. पत्रा फारसा झिजत नाही, झिजतं ते नख. उस्ताद हाफिज अली खाँसाहेबांचं घर इथेच, आता सरोद घर म्हणून संग्रहालय आहे, कधी तानसेन समारोहाला आलात तर बघून जा. तर मुद्दा असा की सतारवाल्यांनो, सरोद शिका.

खरजपंचम
लष्करवाले, नख मोडलं की आठवडाभर रियाज बंद, ते नाही सांगितलंत. आमचा पडदा घासून नवा होतो, तुमचं नख कोण घासून लांब करणार.

लष्करवाला
हे मान्य. पण इंदूर आणि ग्वाल्हेरच्या वाद्यांची गोष्ट निघालीच आहे तर बंदे अली खाँ बीनकारांचं सांगतोच. बीन, म्हणजे रुद्रवीणा, वाजवून त्यांनी आमच्या जयाजीराव शिंद्यांना एवढं खूश केलं की महाराज म्हणाले माग काय हवं ते. तर खाँसाहेबांनी दरबारची गायिका चुन्ना मागितली! अशी गोष्ट सांगतात, खरी किती खोटी किती देव जाणे. पुढे ते तुमच्या होळकरांकडे इंदूरला होते आणि शेवटी पुण्यात वारले, तिथेच त्यांची समाधी आहे. बीन आमच्यासमोर वाजवली, गायिका आमची नेली, नाव मात्र इंदूरचं झालं, बसा बोंबलत.

शेव_परमल
अरे भिया, गायिका गेली तर गेली, तानसेन तर तुमच्याकडेच आहे ना. आम्हाला निदान बीनकार तरी राहू द्या. अब्दुल हलीम जाफर खाँसाहेब पण इंदूरच्या बीनकार घराण्याचेच, जन्म जावऱ्याचा, १९२७. सतारीवर बीनेचा अंग आणायचा म्हणजे मींड आली, आणि मींड आली म्हणजे पडदे झिजले. विषयावर आलो बघा.

मांडवीकर
वडोदऱ्याहून. सतारीचा अनुभव नाही पण वीणेचा आहे, सासूबाईंची सरस्वती वीणा घरात आहे. तंजावर आणि बडोद्याचं जुनं नातं, सयाजीरावांची पहिली राणी चिमणाबाई तंजावरची, १८८० मध्ये लग्न झालं तेव्हा नाचणाऱ्या-वाजवणाऱ्यांचा ताफाच तिकडून आला. सासूबाईंचं माहेरही तिकडचं, वीणा तिथूनच आलेली.

तिचे पडदे बांधलेले नसतात, मेणात बसवलेले असतात. चोवीस पितळी पडदे, आणि मेणात कोळशाची पूड घालून काळं केलेलं असतं. त्याच्यावर पण बाजाच्या तारेखाली खाचा पडतात. दक्षिणेतले कारागीर काय करतात, सगळं मेण काढून पडदे घासून परत नव्या मेणात एकेक पडदा कानाने लावत बसवतात. पूर्ण दिवसाचं काम. आमच्याकडे मे महिन्यात एकदा वीणा खिडकीजवळ राहिली, दुपारच्या उन्हाने मेण मऊ पडलं आणि दोन पडदे तिरके. सासूबाईंनी दिवसभर कोणाशी बोलणं टाकलं. तेव्हापासून वीणा आतल्या खोलीत आणि आम्ही बाहेर.

तर सांगायचं काय की घासणं हा जुनाच उपाय आहे, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण करणारा हात पाहिजे.

मिरजकर_वहिनी
मिरजेची सतार म्हटल्यावर राहवलं नाही. आमच्याकडचे सितारमेकर मूळचे शिकलगार, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार आणि पाणी देणारे. हत्यारांचं काम कमी झाल्यावर ही मंडळी तंबोरे-सतारींकडे वळली. त्यामुळे धातू घासायचं काम त्यांच्या हातात पिढ्यांपासून आहे. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय मानांकन मिळालं तेव्हा गल्लीत पेढे वाटले होते.

आता कामाचं. ताई, घासण्याआधी एक युक्ती करून बघा. सतारीला बाजाची तार मधोमध नसते, मींड ओढायला एका बाजूला जागा मोकळी सोडलेली असते. म्हणजे खाचही पडद्याच्या एका बाजूलाच पडते. पडदा सोडून टोकं अदलाबदल करून बांधला, इकडचं टोक तिकडे, तर बाजाच्या तारेखाली कोरं पितळ येतं. कमान दोन्ही बाजूंनी सारखी असेल तर छान बसतो. सारखी नसेल तर डुगडुगतो, मग नाद सोडायचा. एकेकच पडदा सोडा, आतल्या बाजूला पेन्सिलीने नंबर घाला, आणि दांडीवर जागेची बारीक खूण करा. वीसही एकदम सोडून टेबलावर मांडले तर आयुष्यात परत जुळणार नाहीत.

खरजपंचम
वहिनींची युक्ती चांगली आहे, पण खाच जोडीच्या (बाजाशेजारच्या) तारेखाली गेली तर जोड खरखरणार नाही का? बघून करावं.

मिरजकर_वहिनी
जोडीवर कोण एवढी मींड घेतं काका, आणि अगदी वाटलंच तर तेवढा भाग हलका घासायचा. दुसरी बाजू कोरी मिळाली हा फायदा मोठा.

फ्रेटबोर्ड_फकीर
हे फ्लिप करायचं प्रकरण भारी आहे, गिटारला असं काही नाही, जळफळाट होतोय.

बरं स्टेनलेसचं काय? कोणीच उत्तर दिलं नाही. टिकतं तर लावायला काय हरकत?

खरजपंचम
आवाज. स्टीलच्या पडद्यावर सतार जरा कोरडी, टणटणीत वाजते. पितळावर गोलाई असते. ज्यांनी दोन्ही ऐकलंय त्यांना कळतं.

धातुशास्त्री
काका, माफ करा, मी इथे वाद घालणार. सतारीच्या आवाजात जवारी, भोपळा, तब्लीचं लाकूड, तारेचं वय, नखीचा कोन एवढ्या गोष्टी आहेत की पडद्याच्या धातूचा वाटा त्यात कितीसा असेल? आणि स्टील पडदे लावतात तेव्हा लोक नवीन तारा पण लावतात, जवारी पण उघडून घेतात. मग बदललेला आवाज नक्की कशाचा? तीच सतार, तीच तार, तोच वाजवणारा, फक्त एक पडदा पितळी आणि शेजारचा स्टीलचा ठेवून डोळे बांधून ऐकवा, मग बोलू.

खरजपंचम
धातुशास्त्री, या घरी एकदा, डोळे बांधून ऐकतो. हरलो तर सराफ्यात भुट्ट्याचा कीस माझ्याकडून.

कच्चालिंबू
आणि जिंकलात तर? धातुशास्त्री काय देणार, पितळेचा पडदा?

धातुशास्त्री
गराडू. पण हिवाळ्यातच, आत्ता मिळत नाही.

शेव_परमल
या धाग्याचं शेवटी खाऊगल्लीत रूपांतर होणार हे मला पहिल्या पानावरच माहीत होतं.

तारसप्तक_अटलांटा
स्टेनलेसवाला इथे मीच असेन. अटलांटात सतारीचं काम करणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, त्यामुळे मी टिकण्याकडे बघून स्टील लावले. पडद्यांवर आता खाच दिसत नाही. पण एक सांगतो, झीज कुठे जात नाही, ती तारेवर जाते. तारेच्या पोटाला पडद्याच्या जागी चपटे डाग पडतात आणि स्वर खरखरतो, म्हणून तार आधीपेक्षा लवकर बदलतो. आणि समजा पडदा घासायची वेळ आलीच तर स्टील घासणं म्हणजे शिक्षा आहे, कानशी बोथट होतात. मला आवाजातला फरक जाणवला का? सुरुवातीला वाटला होता. आता सवय झाली की फरक नव्हताच, सांगता येत नाही.

शेव_परमल
म्हणजे जो दुरुस्तीवाला स्टील टाका म्हणतो तो स्वतःच्याच धंद्यावर पाणी सोडतो. प्रामाणिक माणूस निघाला की!

जुन्या_बाजारातून
माझा अनुभव थोडा वेगळा. मी जुन्या सतारी विकत घेतो, आणि घेताना आधी पडदे बघतो. लोक भोपळ्याचं नक्षीकाम बघतात, मी खाचा बघतो. पडद्यांवर मुलामा शाबूत आणि वाद्य चाळीस वर्षं जुनं म्हणजे ते भिंतीवर टांगलेलं होतं. खाच बारीक, सरळ, तारेच्या रेषेतच, म्हणजे नुसते अलंकार आणि गती वाजल्या, मींड नाही. आणि झीज आडवी पसरलेली, पट्ट्यासारखी, तार ओढायच्या दिशेने पुढे निमुळती होत गेलेली, म्हणजे कोणीतरी मनापासून आलाप केलाय. एकदा एका सतारीवर फक्त वरचे तीन पडदे झिजलेले, बाकी कोरे. मालकाने ‘झाला’ (शेवटचं जलद वादन) सोडून काही वाजवलं नसेल.

दांडीची मागची बाजूही बघा. पडदा रागाप्रमाणे सरकवला जातो तिथे दोऱ्याने पॉलिश घासून रेषा पडतात. ती रेषा एकाच पडद्याखाली रुंद असेल तर तो पडदा शुद्ध-कोमल करत सतत वरखाली होत होता. सतारवालीताई, तुमच्या आत्यांच्या सतारीला मागे बघा ना.

सतारवाली_रामबाग
अय्या, खरंच! आत्ताच बघितलं, तार सप्तकातल्या ऋषभाच्या पडद्यामागे बोटभर रुंद पट्टा आहे. यमनचा शुद्ध रे ते भैरवचा कोमल रे, रोजची ये-जा. आणि मधल्या ग वरची झीज तुम्ही म्हणता तशी आडवीच आहे.

वाजवीन_म्हणते
हे वाचून मी माझ्या सतारीचे पडदे बघितले. मुलामा नव्या कोऱ्यासारखा. आता काय बोलणार.

कच्चालिंबू
नाव बदलून वाजवते_म्हणते करा, फरक पडेल.

खरजपंचम
ताईंनी विचारलं होतं घरी घासायचं कसं, ते राहूनच गेलं. खाच उथळ असेल तर कानस लावूच नका. पडदा काढून, कारण जागेवर घासला तर सगळी भुकटी खाली तरफेत आणि दांडीवरच्या तेलात जाऊन बसते, मऊ लाकडाच्या तुकड्यावर पॉलिश पेपर गुंडाळायचा. ४०० नंबरच्या पेपरपासून सुरू, मग ६००, १०००, शेवटी २०००. दर वेळी ओला करून. खाचेतच नाही घासायचं, पूर्ण कमानीवर लांब हात मारायचा, नाहीतर खाचेच्या जागी दरी तयार होईल. शेवटचे हात पडद्याच्या लांबीने, म्हणजे मींड ज्या दिशेने जाते त्याच दिशेने, त्यामुळे राहिलेले बारीक ओरखडे तारेला आडवे येत नाहीत. वरून ब्रासो. स्वच्छ पुसून मगच बांधा.

खाच खोल असेल, नख नाही तर अख्खी तारच बसेल अशी, तर मात्र चांगल्या कारागिराकडे द्या किंवा तेवढाच पडदा बदला. एकोणीस चांगले असताना वीस बदलायची गरज नाही.

आणि घासल्यावर तपासायचं असं. त्या पडद्यावर तार दाबून सरळ वाजवा, मग पूर्ण मींड ओढून वाजवा, पुढच्या पडद्याला शेवटपर्यंत लागता कामा नये. सरळ वाजवताना सगळं ठीक असतं, लागते ती ओढल्यावर, कमानीच्या टोकाकडे. तेवढं तपासायचं लोक विसरतात.

फ्रेटबोर्ड_फकीर
शेवटचे हात लांबीने हे आमच्याकडे पण तसंच आहे. चला, कुठेतरी एकमत झालं.

मिरजकर_वहिनी
पंचमाच्या झण्णबद्दल एक राहिलं. पंचमावर तार वाजवत ठेवून दुसऱ्या हाताने शेजारचा एकेक पडदा बोटाने हलकासा दाबा. दाबल्यावर आवाज थांबला तर तो पडदा ढिला आहे, झिजलेला नाही.

सतारवाली_रामबाग
मंडळी, काम चालू आहे, थोडक्यात सांगते. वहिनींनी सांगितलं तसं पडदे दाबून बघितले आणि पंचमाचा झण्ण कोमल धैवताचा निघाला! त्याचा दोरा सैल झालाय, एक पाय दांडीवरून किंचित उचललेला, पंचम वाजला की तोही थरथरतो. म्हणजे झिजेचा काही संबंधच नाही. त्या दुरुस्तीवाल्यांनी एक दोरा आवळायच्या जागी वीस पडदे बदलले असते.

सा आणि रे चे पडदे उलटे करून बघितले. सा अगदी नीट बसला, खाली कोरा मुलामा, मींड सुळ्ळकन जाते. रे डुगडुगला, म्हणून तो परत होता तसा लावला आणि काकांच्या पद्धतीने घासला. खाच पूर्ण गेली नाही पण काठ गेला, तार आता अडत नाही, तेवढं मला पुरे. ग ची खाच खोल आहे, तो मिरजेला पाठवायचा विचार आहे, वहिनी तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

स्टील सध्या नको. धातुशास्त्री काका आणि खरजपंचम काका यांची डोळे बांधून परीक्षा झाली की मग बघू.

नवीनच_आलोय
विषय थोडा वेगळा, माझ्या मुलीचा युकुलेले आहे, त्याचे पण फ्रेट झिजतात का? आत्तापासून काळजी घ्यावी का?

फ्रेटबोर्ड_फकीर
नायलॉनच्या तारा आहेत, धातूला काही करत नाहीत. गुंडाळी असलेली जाड तार असेल तर ती थोडं घासते. मुलगी कॉलेजात जाईपर्यंत काळजी नको, त्याआधी युकुलेलेच सोडून देईल.

सतारवाली_रामबाग
एक शेवटचं, धैवताला नवीन दोरा कुठला घेऊ? जुना रेशमाचा होता बहुतेक, आता इथे तसा मिळत नाहीये.

खरजपंचम
नायलॉनचा चालतो, मासे पकडायच्या गळाला असतो तोच. दांडीला कमीत कमी दोन-तीन वेढे, पडद्याच्या टोकाच्या खाचेतून, गाठ मागच्या बाजूला. पहिले काही दिवस ताणतो, मग परत एकदा आवळा.

शेव_परमल
गळाच्या सामानाच्या दुकानात जाऊन सतारीला दोरा द्या म्हणा, दुकानदाराचं तोंड बघायला मी पण येतो.